हक्कच नाही म्हणता, मग सही कशाला मागता?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडील २००३ साली गेले. गावाकडे वडिलोपार्जित दहा एकर जमीन आणि एक जुना वाडा. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. ताई थोरल्या, लग्न १९९१ चं. जमिनीतून रस्ता चाललाय, मोबदल्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत, म्हणून भावांनी हक्कसोड पत्र तयार करून आणलंय. त्यांचं म्हणणं असं की तुझं लग्न १९९४ च्या आधी झालं, वडील २००५ च्या आधी गेले, म्हणजे कायद्यानेच तुला काही नाही, ही सही नुसती फॉर्मॅलिटी आहे. गावातले, नात्यातले सगळे म्हणतात सही करून टाक, माहेर तुटेल. ताईंना दोन गोष्टी कळून घ्यायच्यात, कायदा नक्की काय म्हणतो आणि लोक बोलतात त्यात किती तथ्य आहे.

मी तालुका कोर्टात दिवाणी कामं करते, त्यातली बरीचशी वाटपाच्या दाव्यांची, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या चेहऱ्यांनी सतत येतो. ताई, पहिल्यांदा एवढंच डोक्यात ठेवा की हक्क नसलेल्या माणसाची सही कोणी मागत नसतं. शेजाऱ्याकडून कोणी हक्कसोड लिहून घेतं का? तुमच्याकडून घेतायत म्हणजे तुमच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे, हे वकिलाला, तलाठ्याला, भूसंपादनवाल्या साहेबाला आणि खरं सांगायचं तर भावांनाही पक्कं माहितीये.

आता भाऊ ज्या दोन तारखा सांगतायत त्या हवेतून आलेल्या नाहीत, दोन्ही खऱ्या आहेत, फक्त जुन्या झाल्यात. म्हणून जरा मागून सांगते.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्याही आधी हिंदू कोड बिलावरून, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यांच्या एकत्र मसुद्यावरून, किती रान उठलं होतं ते आजच्या पिढीला माहीत नसतं, मुलीला वाटा दिला तर हिंदू कुटुंबं मोडतील, भाऊ-बहीण एकमेकांचे वैरी होतील असं भल्या भल्या पुढाऱ्यांनी भाषणांत सांगितलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला त्यात ते बिल रखडवलं हे एक मोठं कारण होतं. पुढे त्याचेच तुकडे करून कायदे झाले, त्यातला एक हा वारसा कायदा. त्यात तडजोड अशी झाली की वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले तर मुलगा, मुलगी, बायको, आई सगळे सारखे वारस, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलाला. तरीसुद्धा, आणि हे नीट ऐका, त्या वडिलोपार्जित मिळकतीत वडिलांचा म्हणून जो हिस्सा निघेल त्यात मुलगी १९५६ पासून वारस आहेच. म्हणजे "मुलीला काहीच नाही" हे वाक्य १९५६ नंतर कधीच खरं नव्हतं. कमी होतं, फार कमी होतं, पण शून्य नव्हतं.

मग १९९४. शरद पवार मुख्यमंत्री होते, त्या काळात महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली, २२ जून १९९४ पासून लागू, मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क. आपल्या आधी आंध्र आणि तामिळनाडूने असंच केलं होतं, केरळने तर १९७५ मध्ये एकत्र कुटुंब ही पद्धतच कायद्यातून काढून टाकली होती. पण आपल्या कायद्यात एक अट घातलेली, त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलीला हे लागू नाही. तुमच्या भावांची पहिली तारीख इथून आलीये.

नंतर केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून अख्ख्या देशासाठी दुरुस्ती केली आणि त्यात लग्नाची अट ठेवलीच नाही. लग्न झालेली, न झालेली, विधवा, घटस्फोटित, मुलगी ती मुलगी. त्यामुळे १९९४ ची भानगड तिथेच मिटली. पण एक प्रश्न उरला, की वडील त्या तारखेच्या आधी वारले असतील तर काय? ह्यावर १५ वर्षं घोळ चालला, आणि ज्याला जनमत म्हणतात ते गढूळ होण्याचं निम्मं कारण हा घोळच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील आणि मुलगी दोघंही जिवंत पाहिजेत. २०१८ मध्ये दुसऱ्या बेंचने वडील २००१ साली वारलेल्या एका केसमध्ये मुलींना हिस्सा दिला. खालच्या कोर्टात आम्ही दोन्ही निकाल हातात घेऊन उभे, ज्याला जो सोयीचा तो त्याने वाचायचा. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या बेंचने विनीता शर्माच्या केसमध्ये गाठ सोडवली: हक्क जन्माने मिळतो, मग वडील २००५ ला जिवंत असणं गरजेचं नाही.

त्यामुळे २०१६-१७ साली तुमच्या भावांना एखाद्या वकिलाने "वडील आधी गेलेत, बहिणीला हक्क नाही" असं सांगितलं असेल तर तो खोटं बोलत नव्हता, त्या वेळी कायदा तसाच वाचला जात होता. पण ते ऐकून घरी गेलेला माणूस पुढचा निकाल वाचायला परत येत नाही ना, आणि पारावर एकदा बसलेलं मत सुप्रीम कोर्टाच्या निकालाने उठत नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. वडिलोपार्जित मिळकतीत पद्धत अशी की वडील वारायच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर कोणाला किती आलं असतं ते आधी काढायचं, आणि मग वडिलांच्या वाट्याला आलेला तुकडा सगळ्या वारसांत वाटायचा. हे गणित कसं करायचं ते सुप्रीम कोर्टाने १९७८ साली सांगलीकडून गेलेल्या एका केसमध्ये पक्कं केलं, निकाल यशवंतराव चंद्रचूडांचा. आपल्याकडे बाप-लेकांत वाटणी झाली की आईलाही एक हिस्सा येतो. जुन्या कायद्याने तुमच्या घरात वडील, आई, दोन भाऊ असे चार हिस्से, अडीच-अडीच एकर. वडिलांचे अडीच एकर मग पाच वारसांत, म्हणजे प्रत्येकी अर्धा एकर. तर भावाला तीन एकर, आईला तीन, आणि तुम्हा बहिणींना प्रत्येकी २० गुंठे. नव्या कायद्याने सुरुवातीलाच सहा हिस्से पडतात, वडील, आई आणि चार भावंडं, आणि वडिलांचा सहावा हिस्सा परत पाच जणांत. बेरीज केलीत तर प्रत्येकाला बरोबर पाचवा हिस्सा येतो, दोन एकर. भावाला दोन, तुम्हाला दोन, धाकटीला दोन, आईला दोन.

म्हणजे २० गुंठ्यांवरून दोन एकर. एवढा फरक पडल्यावर गावात बोंब होणारच, त्यात नवल नाही. भावाच्या बाजूने बघितलं तर त्याचा एक एकर गेला, आणि तो त्याने लहानपणापासून स्वतःचा धरलेला एकर होता. त्याचा राग मला कळतो. फक्त राग आला म्हणजे कायदा बदलला असं होत नाही.

इथे एक गंमत सांगते जी भांडणाच्या भरात कोणी बघत नाही. ही जमीन वडिलोपार्जित नसून वडिलांनी स्वतः घेतलेली असती आणि मृत्युपत्र नसतं, तरी पाच वारस, पाचवा हिस्साच आला असता, आणि तो तर १९५६ च्याच कायद्याने. तुमच्या घरात दोन्ही रस्त्यांनी उत्तर एकच. तरी लोक कोर्टाच्या व्हरांड्यात तासन् तास "ती वडिलोपार्जित", "नाही, ती आबांनी घेतलेली" असं भांडत बसतात. वडील गेल्यानंतर ह्या भांडणाला वजन येतं ते मुख्यतः मृत्युपत्र निघालं तर. स्वतःच्या मिळकतीचं मृत्युपत्र वडील कोणाच्याही नावाने करू शकतात, एकट्या मुलाला सगळं देऊ शकतात, कायदा अडवत नाही. वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्र फक्त त्यांच्या स्वतःच्या हिश्शापुरतं चालतं, तुमचा हिस्सा त्यांना कोणाला देता येत नाही. दुसरी जागा म्हणजे वडील हयात असताना कोणी वाटणी मागितली तर. तिथे लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की आजोबांची जमीन म्हणजे नातवाचा जन्मसिद्ध हक्क. आजोबांनी ती स्वतः कमावली असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील तर तुमच्या वडिलांकडे ती वारसाने त्यांची स्वतःची म्हणून येते, त्यात नातवाला जन्मतः काही मिळत नाही. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

आता भावांच्या हातात खरं हत्यार कोणतं असू शकतं ते सांगते, नाहीतर तुम्ही एका बाजूचं ऐकून जाल. २००५ च्या कायद्यातच लिहिलंय की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेले व्यवहार उकरून काढायचे नाहीत. ही तारीख कुठून आली तर त्या दिवशी राज्यसभेत बिल मांडलं गेलं. त्याच्या आधी रजिस्टर वाटणीपत्र झालं असेल किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालं असेल तर ते कायम, त्याच्या आधी जमीन विकली असेल तर तीही गेली. पण वाटणी रजिस्टर पाहिजे किंवा कोर्टाची पाहिजे. "आमच्यात तोंडी वाटणी झालीये, आम्ही वीस वर्षं वेगवेगळं कसतोय" हे उत्तर जवळजवळ प्रत्येक कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, येतं, आणि २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच म्हटलंय की असं नुसतं म्हणून चालणार नाही, अगदी अपवाद म्हणून आणि सरकारी दस्तांचा भक्कम आधार असेल तरच ते बघितलं जाईल. त्यामुळे भाऊ "वाटणी झालीये" म्हणाले तर शांतपणे विचारा, कागद दाखव.

कागदांवरून आठवलं. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का ते आधी बघा. वडील गेले तेव्हा वारस नोंद झाली असेल, त्या फेरफाराची, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीची, नक्कल काढा, त्यात कोणाकोणाची नावं लागली, तुमची का नाही लागली, कोणी जबाब दिला, सगळं त्यात दिसतं. बऱ्याच घरांत असं निघतं की तेराव्याच्या आसपास तलाठ्याकडे एका कागदावर बहिणींच्या सह्या घेतलेल्या असतात, "आम्हाला हिस्सा नको, भावांची नावं लावावीत". रडारडीत कोण काय वाचतंय. किंवा सही पण नाही, नुसतं "बहिणी सासरी नांदत आहेत" असं लिहून नावं वगळलेली. तर तलाठ्यासमोरच्या अशा जबाबाने मालकी जात नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर रजिस्टर दस्तच लागतो. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असं होत नाही, तसंच नाव आहे म्हणजे सगळं तुमचं असंही होत नाही. पण प्रॅक्टिकली नाव नसलेल्या बाईला न विचारता जमीन विकली जाते, कर्ज काढलं जातं, म्हणून नाव लावून घेणं महत्त्वाचं. प्रांत अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून.

हक्कसोड पत्राचं मात्र तसं नाही. ते रजिस्टर झालं की झालं. रक्ताच्या नात्यात विनामोबदला असेल तर स्टॅम्प अगदी किरकोळ लागतो, म्हणून तर त्याची एवढी घाई असते, तासाभरात काम होतं आणि दोन एकर गेलेले असतात. नंतर "मला फसवलं" म्हणून दस्त रद्द करायचा तर कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो आणि फसवणूक तुम्ही सिद्ध करायची असते, शिकलेल्या बाईने सब रजिस्ट्रारसमोर अंगठा आणि फोटो दिल्यावर ते सिद्ध करणं किती अवघड असतं ते मी रोज बघते. आणि दस्त नीट वाचा हो. कधी लिहिलेलं असतं फक्त त्या रस्त्यात जाणाऱ्या जमिनीच्या गटाबद्दल आणि शेवटी एक ओळ घुसवलेली असते, "तसेच इतर सर्व मिळकतींतील". कधी हक्क सगळ्या वारसांच्या लाभात न सोडता एकाच भावाच्या लाभात सोडलेला असतो, दुसऱ्या भावाला पण त्याचा पत्ता नसतो.

आता लोक काय म्हणतात त्याकडे येते. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, "लग्नात खर्च केला ना, तोच तिचा वाटा". कायद्यात लग्नाचा खर्च हिश्शातून वजा करायची कुठेही सोय नाही. आणि भावांचं लग्न काय फुकटात झालं होतं का, त्याच्या शिक्षणाचा, त्याच्या बांधकामाचा खर्च कोणी वजा करतं का. हुंडा दिला असेल तर तो १९६१ पासून गुन्हा आहे, गुन्ह्याची पावती दाखवून वाटणीत सूट मागायची हे कोर्टात बोलूनही बघू नका.

दुसरं, "ती सासरी पण घेणार आणि इथे पण, डबल". हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की शिकलेली माणसंसुद्धा मान डोलावतात. पण सून म्हणून बाईला सासऱ्याच्या जमिनीत जन्मतः काही मिळत नाही. नवरा जिवंत आहे तोवर तिचं स्वतःचं असं तिथे काही नसतं, राहायचा आणि पोटगीचा हक्क सोडून. नवरा गेला तर वारस म्हणून त्याच्या हिश्शातलं येतं, आणि तसं तर तुमची वहिनी पण एक दिवस तुमच्या भावाच्या हिश्शाची वारस होणार आहे, तिला कोणी डबल म्हणत नाही.

"आईवडिलांना आम्ही सांभाळलं" ह्या म्हणण्याला मात्र मी हसण्यावारी नेत नाही. बऱ्याच घरांत ते खरं असतं, दवाखाने, उठबस, शेवटची आजारपणं, सगळं भावाने आणि त्याहून जास्त वहिनीने केलेलं असतं. कायद्याने आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, १९८७ मध्ये कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलगी कमावती असेल तर तिनेही वडिलांना पोटगी दिली पाहिजे. मग हक्क बरोबरीचा तर खर्चही बरोबरीचा, हे म्हणणं रास्त आहे. पण सांभाळ केला म्हणून दुसऱ्याचा हिस्सा आपोआप आपला होत नाही. वडिलांना तसं वाटत असतं तर त्यांनी आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र केलं असतं. तुम्ही आपणहून भावाचा तो खर्च धरून थोडं कमी घेतलंत तर चांगलंच आहे, मी असे समझोते करून दिलेत, ते टिकतात पण. ते तुम्ही ठरवून, आकडा मांडून करा, दबावाखाली नको.

जमिनीचे तुकडे होतात हाही मुद्दा येतो, विशेषतः जे स्वतः शेती करत नाहीत ते जास्त सांगतात. चार भाऊ असलेल्या घरात तुकडे होत नव्हते का? तेव्हा कोणी म्हणालं नाही की धाकट्या दोघांनी हक्कसोड द्या. तुकडा नको असेल तर रस्ते आहेत, बहिणीला मोबदल्याच्या रकमेतून पैसे द्या, वाड्याची जागा द्या, जिरायतीत एका बाजूचा पट्टा द्या. वाड्यावरून सांगायचं तर पूर्वी राहत्या घराची वाटणी मुलीला मागताच यायची नाही, भाऊ वेगळे होतील तेव्हाच, ते कलम पण २००५ ला काढून टाकलं.

आणि "पैसे आले की बहिणी येतात". खरंय, येतात. पण तुमच्या केसमध्ये बघा, पैसे आले तेव्हा कोण कोणाकडे आलं? भाऊ तुमच्याकडे आले. जिरायत कोरडवाहू होती तोवर नाव आहे का नाही हे कोणालाच पडलेलं नव्हतं. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात, पुण्याच्या रिंगरोडच्या गावांत हेच झालं, कारण भूसंपादनात वारसांमध्ये वाद असेल तर रक्कम कोर्टात किंवा प्राधिकरणाकडे जमा होते आणि तिथे अडकून पडते. तुमची सही नसेल तर भावांचेही पैसे अडकतात. ही तुमची ताकद आहे, ती भांडायला नका वापरू, टेबलावर बसायला वापरा.

माहेर तुटेल ह्याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही. काही घरांत तुटतं, काही ठिकाणी दोन दिवाळ्या जातात आणि परत बोलणं सुरू होतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत, मुलंबाळं असलेल्या माणसाला अर्ध्याहून जास्त मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याला देताच येत नाही, बाप मुलीला पूर्ण डावलूच शकत नाही, आणि तिकडची भाऊबीज काही बंद पडलेली नाही. म्हणजे माया आणि हिस्सा एका घरात राहू शकतात, सवयीचा प्रश्न आहे. तरीही तुम्हाला मनापासून वाटत असेल की भाऊ गरीब आहे, माझं बरं चाललंय, मला नको, तर खुशाल सोडा. मी अशा बायकांचे हक्कसोड दस्त स्वतः लिहून दिलेत आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. फक्त काय सोडताय ते कळल्यावर सोडा, दोन एकर आणि मोबदल्याचा पाचवा हिस्सा सोडताय हे माहीत असताना केलेली सही आणि "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून केलेली सही ह्यात फरक आहे.

जाता जाता, हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू. मुस्लिम कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, ख्रिश्चन आणि पारशी लोकांना १९२५ चा कायदा. आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, म्हणून नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या एखाद्या आदिवासी ताईंनी वरचा हिशोब जसाच्या तसा धरू नये, त्यांची वाट वेगळी आहे.

आता करायचं काय. आत्ता सही करू नका, नाही पण म्हणू नका, "मला कागद वाचायचेत, आठ-पंधरा दिवस द्या" म्हणा. सगळ्या गटांचे सातबारे, आठ अ, १९५६ च्या मागेपासूनचे फेरफार काढा, जुने बरेचसे आता ऑनलाइन मिळतात. भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या की मी वारस आहे, मला सोडून रक्कम वाटू नये, आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं तिथे कोणाला आठवत नाही. मग भावांसोबत बसा, मध्ये दोघांना मान्य असा एखादा मामा किंवा काका घ्या, आणि जे ठरेल ते रजिस्टर करा. नाहीच जमलं तर वाटपाचा दावा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, हे कित्येक जणींना माहीत नसतं आणि फीच्या भीतीने गप्प बसतात. तालुका विधी सेवा समितीकडून वकीलही फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा लावला की त्याची नोटीस सब रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या, म्हणजे मध्येच कोणी जमीन विकली तरी घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही. खोटी आशा देत नाही, दावे वर्षानुवर्षं चालतात, आणि हुकूम झाल्यावरही जमिनीचं प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे चांगली-वाईट बघून, वाटप कलेक्टरकडे जातं, तिथे मोजणी, तिथे परत तारखा. म्हणून समझोत्याला मी आधी सांगितलं. पण वाट बघत बसायचं पण नाही, तुम्हाला हिश्शातून वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षांची मुदत धरली जाते, आणि भावांनी "तुला हक्क नाही" असं तोंडावर सांगितलं ती तारीख लिहून ठेवा.

आणि एक, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्यापेक्षा जास्त घाईचं आहे. तो जो हक्कसोडचा कागद आणलाय त्यात आईचं नाव पण लिहून देणाऱ्यांत आहे का ते बघा, बहुतेक असणार. आईचा पाचवा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा आहे, ती हयात आहे तोवर त्या दोन एकरांवर आणि मोबदल्यातल्या तिच्या रकमेवर तिचं म्हातारपण निघू शकतं, आणि नंतर मृत्युपत्र नसेल तर तो हिस्सा तुम्हा चौघांत सारखा येईल. मुलांवर विश्वास म्हणून सही करून मोकळी झालेली आई पुढे औषधाच्या पैशांसाठी सुनेकडे बघत बसते, हे मी फार वेळा बघितलंय. तुमच्या स्वतःच्या सहीचं काय ते नंतर ठरवा, पण आईला आजच फोन करा आणि सांगा, कशावरही अंगठा उठवू नकोस.